चार चौकोन, तीन वर्षं

कागदावर १९४३ लिहिलेलं होतं आणि मी त्या आकड्यालाच भाळले, हे आधी कबूल करून टाकते. नाहीतर जुना शेवरले पिकअप आणून शेडमध्ये उभा करायला माझ्याकडे दुसरं काहीही कारण नव्हतं. घरात दोन गाड्या आहेत, दोन्ही चालतात. हा चालत नव्हता.

विकणारा मुलगा भला होता. शेत आजोबांचं, ट्रकही आजोबांचा. आजोबा गेले, शेत विकलं आणि धान्याच्या कोठारात हा उरला. "युद्धातला आहे, मिलिटरीचा," तो म्हणाला आणि पुरावा म्हणून दाराचा मळकट हिरवा रंग दाखवला. मग टायटल काढलं. टायटल म्हणजे इथे अमेरिकेत गाडीच्या मालकीचा सरकारी कागद. त्यावर मेक शेवरले, प्रकार ट्रक, वर्ष १९४३ आणि खाली एक नंबर. मी त्या क्षणी विरघळले.

खरं तर मला विरघळायचा हक्क नाही. माझी नोकरी ओतीव भाग तपासण्याची आहे. पुरवठादार कागदावर लिहून पाठवतो की हा भाग अमुक दिवशी ओतला, अमुक घाण्यातला आहे. मी भाग उलटा करून बघते की अंगावर काय उमटलंय. कागदावर विश्वास न ठेवण्याचा मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. पण शनिवारी पगार चालू नसतो.

रात्री घरी येऊन वाचायला बसले आणि तासाभरात पोटात गोळा आला. अमेरिकेत १९४३ साली सामान्य माणसासाठी पिकअप जवळजवळ बनतच नव्हते. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बर झालं. १ जानेवारी १९४२ ला नव्या मोटारी आणि ट्रकच्या विक्रीवर बंदी आली. फेब्रुवारीत मोटारींचं नागरी उत्पादन थांबलं, हलक्या ट्रकचंही त्याच सुमारास. शेवरलेचे कारखाने लष्कराचे दीडटनी ट्रक, विमानांची इंजिनं, तोफगोळे अशा कामाला जुंपले गेले. नागरी ट्रक पुन्हा बनवायला मर्यादित परवानगी मिळाली ती १९४४ मध्ये. मधल्या काळाचं पान कोरं. आणि माझ्या हातातल्या कागदावर नेमका त्या कोऱ्या पानाचा नंबर.

"म्हणजे फसवलं का त्याने?" नवऱ्याने विचारलं.

"त्याला तरी कुठे माहितीये," मी म्हटलं. "त्याने जे ऐकलं ते सांगितलं."

"मग आता तू काय ऐकणार आहेस?"

"ट्रकचं."

यावर तो हसला आणि झोपायला गेला. मी टॉर्च घेऊन शेडमध्ये गेले.

मिलिटरीचा दावा सगळ्यात आधी निकालात निघाला. शेवरलेने लष्कराला मुख्यतः दिला तो दीडटनी ट्रक, चारही चाकांना ओढ असलेला, पुढे दिव्यांना जाड पट्ट्यांचं कुंपण. माझा साधा अर्धा टनी, ओढ फक्त मागच्या चाकांना. दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर फीत लावून मोजलं. एकशे पंधरा इंच, म्हणजे अर्ध्या टनीचंच. आता लष्कराने साधे पिकअप वापरलेच नाहीत असं मी म्हणणार नाही, म्हणून रंगालाही विचारलं. दाराच्या आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, रुपयाएवढा गोल बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून घासला. हळूहळू घासत गेलं की थर कांद्याच्या चकतीसारखे एकात एक उघडतात. सगळ्यात बाहेर हिरवा, मग पिवळट क्रीम, मग लाल, मग गडद निळा, मग प्राइमर, मग पत्रा. म्हणजे लष्करी हिरवा सगळ्यांत शेवटी आलेला. लाल आणि क्रीम असे दोन संसार करून झाल्यावर कोणीतरी स्वस्तात मिळालेला हिरव्या रंगाचा डबा फासला होता. ब्रशचे केससुद्धा अडकलेत त्यात.

चेहऱ्यावरून वर्ष ओळखता येईल म्हणावं तर तेही नाही. दिवे मडगार्डमध्ये बसवलेले, वर आडव्या पट्ट्या, खाली उभ्या पट्ट्यांची जाळी. हे रूप १९४१ ला आलं आणि १९४७ च्या मध्यावर नवीन डिझाईन येईपर्यंत फारसं न बदलता राहिलं. वाचताना एक मात्र कळलं की युद्धाच्या तोंडावर क्रोम आणि निकेल सैन्याकडे वळले आणि गाड्यांवरचा चकचकाट गेला. लगेच जाळीची एक पट्टी खरवडली. क्रोम असतं तर त्याखाली निकेलचा, बहुधा तांब्याचाही थर सापडला असता. थेट लोखंड लागलं. मी जवळजवळ उडीच मारणार होते. पण मग लक्षात आलं की साध्या मॉडेलला शांततेच्या काळातही जाळी रंगवलेलीच यायची. या पुराव्याने काहीच सिद्ध होत नाही. वहीत लिहिला आणि काट मारली.

(माझी एक सवय आहे. बाद झालेला पुरावाही वहीत ठेवते. सहा महिन्यांनी आपणच तो पुन्हा नव्या उत्साहाने शोधून काढतो आणि पुन्हा उडी मारतो.)

आता टायटलवरचा नंबर. तो कुठे ठोकलाय ते बघायचं होतं. शेवरलेच्या या सहा सिलिंडरच्या इंजिनाला, लोक लाडाने स्टोव्हबोल्ट म्हणतात त्याला, उजव्या बाजूला डिस्ट्रिब्युटरजवळ एक सपाट जागा असते. तिथे इंजिन नंबर. केरोसिनमध्ये बुडवलेलं फडकं, जुना टूथब्रश आणि दोन संध्याकाळी. ऐंशी वर्षांचं तेल आणि धूळ मिळून जे बनतं त्याला मराठीत शब्द नाही. आमच्याकडे त्याला 'खरवस' म्हणायला लागलेत आणि त्या दिवसापासून लेक खरवस खात नाही.

खालून नंबर आला आणि टायटलवरच्या नंबराशी आकड्याला आकडा जुळला. म्हणजे कागदावर इंजिनाचाच नंबर चढलेला. त्या काळी इथल्या बऱ्याच राज्यांत गाडी इंजिन नंबरावर नोंदवायचे, त्यामुळे यात लबाडी काही नाही. उलट एक मोठी गोष्ट पदरात पडली. पहिल्यांदा नोंद झाली तेव्हा याच इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला मुख्य ओतीव भाग, ट्रकमध्ये होता. नंतर बदललेला नाही. वहीत दोन वेळा अधोरेखित.

आणि इथेच मी घसरले.

ओतीव भागाच्या अंगावर ओतल्याची तारीख असते. शेवरलेची पद्धत सोपी आहे: महिन्याला एक अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं करत एल डिसेंबर. इंजिनावरचं टॅपेट कव्हर उघडलं, हेडवरचा, म्हणजे ब्लॉकच्या डोक्यावर बोल्टने बसवलेल्या भागावरचा, गाळ पुसला आणि टॉर्चच्या उजेडात दिसलं, बी १२ ३. फेब्रुवारी, बारा तारीख, तीन साल. बारा फेब्रुवारी १९४३! टायटल खरं बोलत होतं. इतिहासाच्या कोऱ्या पानावर माझा ट्रक एकटा उभा होता. मी फोटो काढले आणि ट्रकवाल्यांच्या आमच्या मंडळातल्या एका आजोबांना फोन लावला. चाळीस-पन्नास वर्षं हीच इंजिनं उघडण्यात घालवलेला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाले, "छान. शेजारी ओतकामाचा नंबर असेल, तो किती आकडी आहे?"

मी मोजले. सात.

"अडतीसने सुरू होतो का?"

होत होता.

पलीकडे जरा शांतता. मग ते म्हणाले, "पोरी, तीन साल बरोबर आहे. दशक चुकलं."

त्या काळात कंपनीचे नंबर सहा आकडी असायचे. सात आकडी अडतीसवाले युद्धानंतरचे. दोनशे सोळा घनइंचाचं हे इंजिन शेवरलेने ट्रकमध्ये १९५३ पर्यंत दिलं. तेव्हा हेड १९५३ चं. कधीतरी जुनं तडकलं असणार, शेतावर वाट बघायला वेळ नसतो, पुढचं बसवून टाकलं. बाहेरून बघितलं तर मूळचंच वाटावं इतकं साजेसं.

दिवसा हीच चूक दुसऱ्या कोणी केली असती तर मी त्याच्या अहवालावर लाल शेरा मारला असता. एकाच आकड्याची तारीख दिसली की दशक दुसऱ्या खुणेवरून पक्कं करायचं, हे मी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवते. पण कागदावर तीन होतं, मला तीन हवं होतं आणि लोखंडानेही तीन दाखवलं. तिघांचं एकमत झाल्यावर कोण तपासतंय?

पुढची तपासणी मात्र मी नोकरीसारखी केली. कुठलीही खूण दिसली की आधी विचारायचं, हा भाग मूळचा आहे हे कशावरून? हेड बोल्ट सोडले की निघतं. जनरेटर, स्टार्टर, कार्बोरेटर, चाकं, काचा, सगळं बदलण्यासारखं आणि शेतावरच्या ट्रकचं तर बदललेलंच असतं. भरवसा फक्त ब्लॉकचा, कारण त्याचा नंबर टायटलशी बांधलेला. तेव्हा तारीख हवी ती ब्लॉकवरची.

ती सापडली स्टार्टरजवळ, हाताला दिसते पण डोळ्यांना दिसत नाही अशा जागी. आरसा धरला तर अक्षरं उलटी, टॉर्च धरला तर आरसा धरायला हात नाही. शेवटी लेकीला बोलावलं. ती आरसा धरून पोटावर पडली आणि म्हणाली, "आई, के आहे. मग एकोणीस. मग एक काठी."

"काठी म्हणजे एक?"

"काठी म्हणजे काठी. तू ठरव."

के १९ १. नोव्हेंबर, एकोणीस, एक. या वेळी ओतकामाचा नंबर आधी वाचून घेतला. सहा आकडी. १९ नोव्हेंबर १९४१, बुधवार. पर्ल हार्बरच्या अठरा दिवस आधी.

आता साधं गणित. ट्रक त्याच्या ब्लॉकपेक्षा जुना असू शकत नाही. ब्लॉक ओतला, थंड झाला, सिलिंडर घासले, इंजिन जुळलं, मग ते रेल्वेने जिथे गाडी जोडायची त्या कारखान्यात गेलं. यात दिवस जातात, पण वर्षं नाही जात. तेव्हा १९४१ चा शेवट किंवा १९४२ ची अगदी सुरुवात. एवढ्यावर मी समाधान मानलंही असतं.

पण एक प्लेट असायला हवी होती. ट्रकचा सिरियल नंबर कॅबमधल्या एका छोट्या धातूच्या पट्टीवर असतो आणि माझ्या कॅबमध्ये ती नव्हती. निदान मला तसं वाटत होतं. सीट बाहेर काढली, उंदरांची तीन-चार घराणी विस्थापित केली आणि आतला पत्रा पुसताना बोटाला एक कड लागली. पट्टी तिथेच होती. तिच्यावरूनही लाल, क्रीम आणि हिरवा फासलेला, त्यामुळे पत्र्यातच मिसळून गेलेली.

अशा वेळी तारेचा ब्रश उचलायचा नाही. ठोकलेले आकडे उथळ असतात, दोन हात मारले की गेले. रिव्हेटना तर हातही लावायचा नाही. एकदा हलवलेल्या प्लेटवर पुन्हा कोणी विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये. रंग मऊ करायचं जेल कापसाने लावलं, दहा मिनिटं थांबले, प्लास्टिकच्या पट्टीने एक थर काढला. पुन्हा जेल, पुन्हा थर. शेवटी मऊ ब्रश. सबंध रविवार गेला. काढता काढता एक गोष्ट दिसली आणि तिने मला प्लेटवरच्या नंबराइतकाच आनंद दिला. लाल, क्रीम, हिरवा हे तिन्ही थर प्लेटवरून आणि रिव्हेटच्या डोक्यांवरून सलग गेले होते, पण सगळ्यात जुना निळा प्लेटच्या कडेशी येऊन तिच्या खाली शिरत होता. म्हणजे कारखान्यात निळा रंग लागला, त्यावर प्लेट बसली आणि त्यानंतर तिला कोणी हलवलं नाही. लाल रंग लागण्याच्या आधीपासून ती तिथेच आहे.

नंबराची सुरुवात वाचली: ८, मग बीके, मग १२, मग आडवी रेघ आणि पुढचे आकडे.

शेवरलेत पहिला आकडा कारखान्याचा. आठ म्हणजे अटलांटा. बीके म्हणजे १९४२ च्या मॉडेलचा अर्धा टनी, १९४१ चा असता तर एके असतं. आणि बारा म्हणजे बारावा महिना. डिसेंबर. १९४२ चं मॉडेल १९४१ च्या शरद ऋतूतच बाहेर पडलं होतं, तेव्हा हा डिसेंबर १९४१ चाच. १९४२ च्या डिसेंबरात हलके ट्रक बनवतंय कोण?

रात्री फोटो मोठा करून बघताना आठ खटकला. त्याची डावी बाजू जरा जास्तच गुबगुबीत होती. उठून पुन्हा शेडमध्ये गेले. या वेळी दिवा समोरून न धरता पत्र्याला जवळजवळ टेकवून डावीकडून धरला, की खोल भागात सावली पडावी. सावली फक्त उजवीकडच्या दोन वळणांत पडली. डावीकडे ठोकलेलं काही नव्हतं, तिथे लाल रंगाचा पापुद्रा साचला होता. टाचणीने टोकरला, निघून आला. तीन. तीन म्हणजे सेंट लुईस. खातरी म्हणून वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली. कागदावरही तीनच उमटला. एका पापुद्र्यापायी ट्रकचं जन्मगाव शेकडो मैल सरकलं होतं. तो कागद वहीत चिकटवलाय.

मग १९४३ कुठून आलं? त्याचं उत्तर विकणाऱ्या मुलानेच दिलं, त्याच्याही नकळत. फोन केला तर म्हणाला, पणजोबांना ट्रक मिळायला फार खटपट करावी लागली होती, कुठल्यातरी बोर्डासमोर उभं राहून शेतीला ट्रक का लागतो ते पटवावं लागलं, असं घरात सांगतात. मग सगळं जागेवर बसलं. विक्री गोठली तेव्हा बनून तयार असलेल्या गाड्या साठवून ठेवल्या होत्या आणि पुढे परवान्यावर, ज्यांचं काम अत्यावश्यक ठरेल त्यांना सोडल्या. शेतकरी त्यात आले. माझा ट्रक डिसेंबर १९४१ मध्ये बनला, वर्षाहून जास्त काळ कुठेतरी नवाकोरा उभा राहिला आणि १९४३ मध्ये विकला गेला. नोंदणी करणाऱ्याने विक्रीचं वर्ष लिहून टाकलं. असं त्या काळी सर्रास चालायचं. मुलाने एक फोटोही पाठवला. ट्रकसमोर एक माणूस हातातली टोपी छातीशी धरून उभा आणि नंबर प्लेटच्या कोपऱ्यात चिकटवल्यासारखी छोटी पत्र्याची चकती. त्या वर्षी पोलाद वाचवायला बऱ्याच राज्यांनी नवी प्लेट न देता जुनीवरच वर्षाची अशी चकती लावायला दिली होती. चकतीवरचा आकडा फोटोत वाचता येत नाही. मी वाचायचा प्रयत्न केला, मग थांबले. मला काय वाचायचंय ते मला आधीच माहीत होतं.

टायटल दुरुस्त करायचं तर इथे पोलीस खात्याचा माणूस येऊन प्लेट प्रत्यक्ष बघून जातो. आमच्याकडे आलेला अधिकारी तरुण होता. कॅबमध्ये वाकून त्याने नंबर दोनदा वाचला आणि फॉर्मवर उतरवला. पहिला आकडा त्याने तीनच वाचला, मी काही बोलले नव्हते. मग इंजिन नंबर. मग वर्षाच्या रकान्याशी येऊन थांबला.

"इथे काय लिहू?"

मी सांगायला लागले की बनला १९४१ मध्ये, मॉडेल १९४२ चं, विकला १९४३ मध्ये. त्याने सगळं नीट ऐकलं आणि फॉर्म माझ्याकडे वळवला. रकान्यात चारच चौकोन होते.

"मॉडेलचं वर्ष लिहा," मी म्हटलं. त्याने एक नऊ चार दोन लिहिलं, सही केली आणि दाराच्या हिरव्या रंगावरून हात फिरवत विचारलं, "मिलिटरीचा होता का?"